साखरेचे मेलेले शब्द

तस्नीमने कागदावरचं इंग्रजी वाचून त्याचा अर्थ सांगितला, आणि जुबेदाच्या हातातला कप बशीत बसायचा तो बशीच्या काठावर बसला आणि कलंडला. बिनसाखरेचा चहा टेबलाच्या काचेवर पसरला. सून फरहाना फडकं घेऊन धावली, "काही नाही अम्मी, काही नाही" म्हणत. जुबेदाने तिच्याकडे बघितलंही नाही. नातीला म्हणाली, परत सांग. पंधरा वर्षांच्या पोरीला वाटलं दादीला ऐकू कमी आलं, म्हणून तिने आवाज चढवून सांगितलं. दाणा घ्यायचा, बडीशेपेचा नाहीतर धण्याचा. परात मंद विस्तवावर. दाण्यांवर चमचाभर पाक, आणि हाताने ते फिरवत राहायचे, ओल आटेपर्यंत. सुकले की दुसरा चमचा. घाई करायची नाही. असे दहा-बारा हात, कधी वीस. दाणा गुळगुळीत हवा तर पाक पातळ, काटे हवेत तर पाक जरा चढा आणि धार उंचावरून. इंग्रजांच्या मुलखात चारशे वर्षांपूर्वी असं करत, आणि त्याला म्हणत कॉम्फिट. काटेवाल्याला रॅग्ड कॉम्फिट. जुबेदाने आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. चौथीत शाळा सुटलेली बाई ती. तिच्याबद्दल आजवर कुठे काही लिहिलं गेलं असेल तर ते रेशनकार्डावर आणि पासपोर्टावर, आणि दोन्हीकडे जन्मसाल चुकलेलं. आणि तिचा हा हात मात्र, हलव्याच्या परातीवर फिरतो तसाच्या तसा, कुणा गोऱ्याने चारशे वर्षं आधी लिहून ठेवला होता.

शाळेत कसला तरी उपक्रम होता. प्रत्येक मुलाला जुन्या इंग्रजीतले एकेका विषयाचे शब्द वाटून दिले होते, कुणाला जहाजांचे, कुणाला घोड्यांचे. तस्नीमच्या वाट्याला साखर आली. गुरुवारी वर्गासमोर उभं राहून बोलायचं होतं. पोरगी एरवी दादीशी दोन वाक्यं बोलायची आणि तिसऱ्याला इंग्रजीत शिरायची, पण आज दादीचं लक्ष बघून तिला हुरूप आला. तिने यादीच वाचली. सकेट म्हणजे पाकात मुरवलेली फळाची साल. मार्चपेन म्हणजे बदाम आणि साखर कुटून केलेली वडी. ट्रीकल म्हणजे आधी सापाच्या विषावरचा उतारा, मग नुसती काकवी. मेजवानीत राजापुढे साखरेचे किल्ले, साखरेचे मोर मांडत, त्यालाही एक शब्द होता. आणि किसिंग कॉम्फिट, म्हणत ती लाजली आणि पुढे सरकायला लागली. जुबेदाने अडवलं. पोरीने खाली बघत सांगितलं की मुका घेण्याआधी तोंडाला सुवास यावा म्हणून चघळायची गोळी. जुबेदा म्हणाली, गोऱ्यांची दातं तेव्हापासूनच किडकी म्हणायची. फरहाना हसली. फरहाना नेहमी हसायची.

"आता काय म्हणतात याला?" जुबेदाने विचारलं.

"आता कुणी नाही म्हणत, दादी. इट्स ऑब्सोलीट. म्हणजे मेलेला शब्द. करणारे गेले ना, सो शब्द पण गेला."

"करणारी समोर बसलेय गो तुझ्या," जुबेदा म्हणाली. "मेल्यावर सांगेन तुला."

हे बोलून ती उठली आणि खिडकीशी गेली. अरबांच्या मुलखात, ओलाया नावाच्या वस्तीतल्या सोळाव्या मजल्यावरच्या त्या खिडकीला उघडायची कडीच नव्हती. खाली रस्त्यावरून गाड्या जात, आवाज नाही. समोरच्या टॉवरच्या काचेत याच टॉवरची काच, त्यात कुठेतरी तिची स्वतःची ओढणी, तांदळाएवढी. आठ महिने ती हेच बघत होती. तिच्या बापाची भट्टी खाडीच्या काठाला होती, मागल्या दाराने भरतीचं पाणी पायरीला लागायचं. बाप उरुसाला बत्तासे करायचा, साखरफुटाणे करायचा, आणि पौष लागला की काटेरी हलवा. तो तालुक्याचे वाणी उचलून नेत आणि संक्रांतीला बामणांच्या सुना त्याचे दागिने अंगावर मिरवत. मुसलमानाच्या हातचा म्हणून कुणी नाक मुरडल्याचं तिला आठवत नव्हतं. मुरडलं असेल तर हलवा संपल्यावर. बाप सांगायचा, विस्तव जास्त झाला तर दाणा करपतो, कमी झाला तर चिकटतो, आणि पोरी, पाक घालणारा आणि दाणा फिरवणारा कधी एक नसतो. एका माणसाच्याने हे काम होतच नाही. एकाने धार धरायची, दुसऱ्याने हात चालवायचा. लग्न होऊन ती फकरुद्दीनच्या घरी आली ती हा हात घेऊन आली, आणि तिकडे धार धरायला मिळाली ती नणंद, रुकय्या. जन्माची बिनलग्नाची, जन्माची तोंडाळ. चाळीस पौष दोघी एका परातीच्या दोन बाजूंना बसल्या. जुबेदा म्हणायची, धार धरतेस की मुततेस? रुकय्या चमचा आपटून म्हणायची, हात चालव, हात, बापाने शिकवलंय की नुसतंच जन्माला घातलंय? फकरुद्दीन बाहेरच्या पडवीत बसून हसायचा. तो म्हणायचा, तुमच्या दोघींच्या जिभा पाकात पडतात म्हणून माझ्या हलव्याला इतके काटे.

फकरुद्दीन मागच्या चैत्रात गेला. लेकाचं, शारीकचं विमान मुंबईला उतरलं तेव्हा माती होऊन चार तास झाले होते. चाळीस दिवसांनी जुबेदा न्हाणीघरात पडली, नुसती घेरी आली, कपाळाला खोक पडली, पण शारीकने तो फोटो बघितला आणि ठरवलं. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, ठरवलेलं करायची त्याला सवय होती. आई इकडे आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तो संपत आला की शारीक फोनवर अंगठा फिरवायचा आणि आणखी वाढवायचा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने दाराआडून ऐकलं होतं, शारीक बायकोला आणि मुलीला बजावत होता, अम्मीला उलट बोलायचं नाही, तिचं बीपी आहे, शुगर आहे, तिचे दिवस आनंदात जायला हवेत. तेव्हापासून ते घर गोड झालं. घरातली साखर हलली, तिच्या जागी माणसं गोड झाली. जुबेदा म्हणाली, फरहाना, तुझ्या बिर्याणीला फडक्याचा वास येतो. फरहाना म्हणाली, बरोबर आहे अम्मी, पुढच्या वेळी तुम्ही शिकवा. जुबेदा म्हणाली, शारीक, तुझ्या पोटाकडे बघून वाटतं तूच गरोदर आहेस. शारीक म्हणाला, अम्मी पण ना, आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला. ती शब्द फेकायची आणि तो कुठे लागायचाच नाही, उशीत सुई खुपसावी तसा आत जायचा आणि नाहीसा व्हायचा. पहिले काही दिवस तिला वाटलं आपण जिंकतोय. मग वाटलं आपलं बोलणं ऐकूच येत नाही यांना. आता आठव्या महिन्यात, त्या बंद काचेशी उभी असताना तिला वाटलं, आपण परातीत आहोत. दर दिवशी एक चमचा, आणि वाळेपर्यंत फिरवणं. आत तीळ आहे की खडा आहे, वरून कुणाला कळणार.

आणि येत्या रविवारी शेवटचा हात होता. शारीकने चार ठिकाणी शब्द टाकून तिच्या इकाम्याचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं, जमवलं होतं. रविवारी मेडिकल, मग बोटांचे ठसे, मग ती इथली. त्यानंतर विमानात बसायचं तर आधी शारीकने फोनवर परवानगी काढायची, आणि शारीक ती काढणार नाही हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तो आनंदाने सांगत होता, अम्मी, आता दर तीन महिन्यांची कटकट खलास. ती त्याला "नको" म्हणू शकत होती. एवढंच म्हणायचं होतं. पण ते तोंडातून यायचं नाही. तिला टोचणं येत होतं, हाणून पाडणं येत होतं, मागणं येत नव्हतं. नवऱ्याकडे तिने कधी बांगडी मागितली नव्हती, बापाकडे कधी माहेरपण मागितलं नव्हतं. आणि मागून परत जायचं ते कुठल्या तोंडाने? निघताना अख्खा मोहल्ला गोळा झाला होता. तिने गाडीत बसताना सगळ्यांदेखत रुकय्याला सुनावलं होतं की मी चालले पाक जमिनीवर, हाजी जातात तिथे, माझ्या लेकाने बोलावलंय, तू बस भिंतींना राखत, तुला कोण बोलावणार. रुकय्या पुढे आली, पदराने नाक पुसलं, आणि म्हणाली, भाबी, जीभ तेवढी मोठ्या बॅगेत घाल, धारदार वस्तू विमानात हातात नेऊ देत नाहीत. सगळा मोहल्ला हसला, ड्रायव्हर पांडूसुद्धा. तो हशा जुबेदाच्या कानात मुंबईपर्यंत होता. आठ महिन्यांत रुकय्याचा फोन नाही. जुबेदाचाही नाही. दोघींपैकी जी आधी करील ती हरली.

तस्नीमला काय सुचलं कोण जाणे, ती मागून येऊन म्हणाली, दादी, तू करून दाखवशील? मी क्लासला नेईन. फरहाना लगेच म्हणाली की व्हिडिओ मिळतो फोनवर, अम्मीला कशाला त्रास. जुबेदा म्हणाली, व्हिडिओ चाटून बघायला दे वर्गाला. संध्याकाळी तिने शारीकला हुकूम सोडला: पाच किलो साखर, अर्धा किलो पांढरे तीळ, आणि बत्ह्याच्या बाजारातून ॲल्युमिनियमचं ते मोठं ताट, ज्यात हे लोक अख्खं बकरं वाढतात. शारीकचा चेहरा उजळला. आई आठ महिन्यांत पहिल्यांदा काही मागत होती, असं त्याला वाटलं. मागणं नव्हतं ते, पण त्याला कोण सांगणार. त्याने फक्त एक अट घातली, अम्मी चाखायचं नाही. ती म्हणाली, हलवाई चाखत नाही, हलवाई बघतो.

सोमवारी फजरच्या नमाजानंतर दोघी कामाला लागल्या. चूल विजेची, काचेची. विस्तव दिसत नाही, नुसतं लाल वर्तुळ, वाढवलं की एकदम वाढतं आणि कमी केलं तरी रागावलेल्या माणसासारखं तापूनच राहतं. जुबेदाने त्यावर पोळ्यांचा लोखंडी तवा ठेवला, तव्यावर ताट. साखरेत चमचाभर दूध घालून मळी वर काढली, बोटांच्या चिमटीत तार बघितली. तीळ भाजले. मग चमचा तस्नीमच्या हातात दिला आणि स्वतः ताटावर वाकली. बोटं तिळांना लागली मात्र, अंगात काहीतरी जागेवर येऊन बसलं, निखळलेला खांदा बसावा तसं. चटका ओळखीचा. आवाज ओळखीचा, तीळ ताटावर सरकतात तो, वाळूत पाऊल ओढल्यासारखा. ती म्हणाली, घाल. तस्नीमने पाक भदकन ओतला, तिळांचा गोळा झाला. जुबेदाच्या तोंडून आपोआप निघालं, धार धरतेस की मुततेस? आणि ती थांबली, हात तसाच चालता ठेवून, कान लावून. पलीकडून चमचा आपटायचा होता. पलीकडून तिच्या बापाचा उद्धार व्हायचा होता. "सॉरी दादी," तस्नीम म्हणाली, मऊ आवाजात, "आय विल डू बेटर." जुबेदाने गोळा बोटांनी फोडत फोडत मोकळा केला. बोटाला फोड आला. तिला वाटलं, एक शिवी दे गो मला. एक तरी. मग पोरीच्या वाकलेल्या मानेकडे बघून तिला तिची कीव आली. हिलाही कुणी घोळवलंय. या पोरीने मोठेपणी भांडायचं ते कुठल्या भाषेत?

तीन दिवस, रोज पहाटे, चार-चार हात. खाडीकाठी हवेत ओल असायची, पौषातसुद्धा. बाप आभाळाकडे बघून ठरवायचा आज परात मांडायची की नाही. चाळीस वर्षांत दोन वेळाच काटा असा आला असेल की बघत राहावं. आणि इथे, या मुलखात, जिथे तिच्या टाचा भेगाळल्या होत्या आणि नाकातून सकाळी रक्त येत होतं, तिथे तिसऱ्या दिवशी तिळाला काटे फुटले. तिने चष्मा लावून बघितलं. एकेका तिळावर वीस-पंचवीस काटे, सगळीकडून सारखे, पांढरे, टोकं न मोडलेले. आयुष्यातला सगळ्यात चांगला हलवा. तिने बशीभर दाणे उजेडात नेले आणि तिला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. हवाच अशी कोरडी होती, जी तिच्या अंगातलं पाणी शोषत होती तीच काटे काढत होती. हे रुकय्याने बघितलं असतं तर? रुकय्या म्हणाली असती, तिळाला काय लागतं, वाळवंटात टाकलं तर मेलेल्या गाढवाला पण काटे येतील. जुबेदा एकटीच हसली, आणि हसता हसता तिला कळलं की हे वाक्य तिने स्वतःच रचलंय, रुकय्याच्या आवाजात, आणि आठ महिने ती हेच करत आलीय. दिवसभर. दोघींची बाजू एकटीनेच लढवत.

तस्नीमला गुरुवारी पहिला नंबर मिळाला. म्हणून शुक्रवारी जुम्म्यानंतर शारीकने मित्राला, रायगडच्या वहाबला आणि त्याच्या बायकोला, आमिनाला, जेवायला बोलावलं. मधोमध काचेच्या भांड्यात हलवा. वहाब म्हणाला, चाची, हे तर दुकान टाकण्यासारखं आहे, इथले सगळे कोकणी येतील. शारीक म्हणाला, टाकूया की, अम्मी आता इथेच, परवा मेडिकल. सगळ्यांनी मुबारकबाद दिली. जुबेदा म्हणाली, मी नाही यायची मेडिकलला. शारीक हसून म्हणाला, बघितलं? सुईला घाबरते. वहाब हसला, आमिना हसली, फरहाना तर हसतच होती. जुबेदा दुसऱ्यांदा म्हणाली, मी खरंच सांगते. ते आणखी हसले. जन्मभर ही जे बोलली त्यातलं निम्मं टोमणा आणि निम्मं विनोद, आता खरं बोलली तर ते कुठल्या खात्यात टाकणार लोक? तिला त्यांचा राग आला नाही. आपल्या तोंडाचा आला.

पाहुणे असरच्या नमाजाला गेले. फरहाना भांडी उचलत होती. शारीक टेबलाशी बसून उरलेला हलवा एकेक दाणा तोंडात टाकत होता, लहानपणी टाकायचा तसा. म्हणाला, अम्मी, असे काटे घरी पण नव्हते येत. हवा मानवली बघ तुला.

"हलव्याला मानवली," जुबेदा म्हणाली. मग श्वास घेतला. "शारीक. मला घरी जायचंय."

"हो अम्मी, जाऊ ना. मेमध्ये सगळेच जाऊ."

"मेमध्ये नाही. रविवारच्या आधी. एकटीला, आणि राहायला."

त्याने तिचा हात हातात घेतला. तो अगदी हळू बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "तिथे कोण आहे अम्मी आता?"

हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. उत्तर आलं ते तिच्याआधी तिच्या तोंडाने दिलं. "रुकय्या आहे."

"फुफी? तुझं तिचं एक दिवस पटलं नाही."

"नाहीच पटलं. भांडायला माणूस लागतं रे मला. इथे मला कोण उलट बोलतं?"

"तू दमलीस," शारीक म्हणाला. "तीन दिवस उभी होतीस. पड जरा. आपण बोलू नंतर." आणि त्याने तिच्या हातावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. तिला दिसलं की हे असंच होणार. नंतर बोलू, मग रविवार, मग ठसे. तो फिरवत राहणार, वाळेपर्यंत. तेव्हा तिने आत हात घालून सगळ्यात खालचं, सगळ्यात धारदार ते शोधलं. ते कुठे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ती त्याला कधी बोट लावणार नव्हती.

"बापाच्या मातीला पोचला नाहीस," ती म्हणाली, "म्हणून मला इथे धरून ठेवलंस. माझ्या तरी वेळेला हजर असावं म्हणून. माझ्या सुखासाठी नव्हे, शारीक. माझ्या मरणाची वाट बघत बसलायस तू."

त्याचा अंगठा थांबला. फरहाना ताटं घेऊन दारात उभी राहिली. शारीकने हात सोडला, नव्हे, टाकला, आणि तो उभा राहिला तेव्हा खुर्ची मागे पडली. आवाज आला तो तिने पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. दहावीत नापास झाला होता तेव्हा त्याने असा आवाज काढला होता आणि तिने थोबाडीत दिली होती.

"जा मग," तो ओरडला. "जा. पड तिकडे न्हाणीघरात एकटी आणि मर. तिला घेऊन बस त्या म्हातारीला, एकमेकींची डोकी फोडा. आठ महिने, आठ महिने मी तुझं ऐकून घेतोय, माझी बायको ऐकून घेतेय, कधी एक चांगला शब्द? साखरेत हात घालून जन्म गेला तुझा आणि तोंडाला एक दाणा लागला नाही. जा. मला फोन करू नको."

तस्नीम आतल्या खोलीतून येऊन उभी राहिली होती, तोंड उघडं. एसीचा आवाज यायला लागला. तो आधीही येत असणार. जुबेदाला छातीत दुखलं, आणि त्या दुखण्याच्या खालून काहीतरी सुटं झालं. हा तिचा मुलगा होता. आठ महिन्यांनी भेटला.

"बोललास," ती म्हणाली. "जा म्हणालास. साक्षीला बायको आहे, पोर आहे. आमच्यात दिलेला शब्द फिरवत नाहीत. आता तिकीट काढ. उद्याचं."

शारीकने खुर्ची उचलून सरळ केली, बसला, फोन पुढ्यात ओढला. स्क्रीनवर बोट फिरवायला लागला. तारीख विचारली नाही, खिडकीची जागा हवी का विचारलं नाही. मधेच त्याचे खांदे हलले आणि त्याने कपाळ मनगटावर टेकलं, आणि फोन तसाच उजेड टाकत राहिला त्याच्या केसांवर. केस मागून विरळ झाले होते. हे तिला इथे येऊन कळलं नव्हतं, आत्ता कळत होतं. तिने हात नुसता लांब केला असता तर पोचला असता. आणि पोचला असता तर तो म्हणाला असता, माफ कर अम्मी. फरहाना पाणी घेऊन आली असती. सगळे तिच्याभोवती बसले असते, आणि तिकीट उद्यावर, उद्याचं परवावर गेलं असतं. जुबेदाने उजवा हात आपल्या मांडीखाली घातला, त्यावर सगळा भार टाकून बसली, आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "रडून झालं की काढ. सकाळचं बघ."